उपास आणि पारणे

मराठी भाषेत उपाशी राहण्यासाठी शब्दांची वाण नाही. उपास, उपोषण, लंघन, निर्जळी, एकभुक्त, नक्त, धान्यफराळ, अन्नत्याग, प्रायोपवेशन. यांतल्या प्रत्येक शब्दाला एक कारण आहे, एक मुदत आहे आणि थोडीफार प्रतिष्ठाही आहे. परंतु पंधरा वर्षांची मुलगी, भूक लागलेली असताना आणि ताट समोर असताना, जेवू शकत नाही (जेवत नाही असे नव्हे, जेवू शकत नाही), या अवस्थेसाठी घरात उच्चारता येईल असा शब्द आम्हांला सापडला नाही. परिभाषाकोशात ‘क्षुधानाश’ आहे, आयुर्वेदात ‘अरोचक’ आणि ‘अन्नद्वेष’ आहेत. तिन्ही शब्द चकवतात. ‘अ‍ॅनोरेक्सिया’ हा मूळचा ग्रीक शब्दही चकवतोच, कारण त्याचाही अर्थ भूक नसणे असाच होतो. भूक असते. पुष्कळदा तिच्याखेरीज दुसरे काहीच नसते.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक, साताऱ्यात राहणारे. शब्द हुडकत बसणे ही आमची व्यवसायजन्य खोड म्हणून सोडून देता आली असती. पण इथे शब्द नसल्यामुळे आजार दुसऱ्याच शब्दांच्या आडोशाला राहत होता: ‘आज माझा उपास आहे’, ‘तेलकट नको’, ‘मैत्रिणीकडे खाऊन आले’, ‘अभ्यास आहे, नंतर जेवते’. यांतले एकही वाक्य आपल्या समाजात दुर्गुणाचे लक्षण मानले जात नाही. उलट संयम, साधेपणा, अभ्यासू वृत्ती अशी प्रमाणपत्रे त्यावर सहज मिळतात. या आडोशामागे सर्वप्रथम पाहिले ते पुण्यातल्या एका रुग्णालयातल्या समाजसेविकेने. त्यांच्या कामाविषयी लिहावे असे आम्हां दोघांनाही पुष्कळ दिवसांपासून वाटत होते. आमच्या मुलीने हा मजकूर आधी वाचला आहे. तिने दोन वाक्ये गाळायला लावली, ती गाळली आहेत.

२०२२च्या जूनमध्ये तिचे दहावीचे वर्ष सुरू झाले आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नाडी फार मंदावल्यामुळे तिला पुण्याला दाखल करावे लागले. मधल्या दोन महिन्यांचा वृत्तान्त इथे नको. दाखल केल्यावर कळले, की अशा रुग्णाला भराभर खाऊ घालणेही धोक्याचे असते. दीर्घ उपासमारीनंतर अन्न अचानक वाढले की रक्तातले फॉस्फेट झपाट्याने उतरते आणि हृदयावर संकट येते. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या युद्धकैद्यांमध्ये हे पाहिले गेले होते. ज्या घरात ‘खा गं बाई चार घास’ हा एकच मंत्र अहोरात्र चालला होता, त्या घराला ‘आज इतकेच, उद्या थोडे अधिक’ हे ऐकणे विलक्षण वाटले.

उपचार करणारे पथक पाच जणांचे होते. मनोविकारतज्ज्ञ, वैद्यकीय बाजू पाहणाऱ्या डॉक्टर, आहारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेविका. हा क्रम आमचा नव्हे, दारावरच्या पाटीचा. समाजसेविकेचे नाव पाटीवर शेवटी होते आणि त्यांची खोली मार्गिकेच्या टोकाला, लेखाविभागाला लागून होती. मुळात ‘समाजसेविका’ हा शब्दच त्यांच्या कामावर अन्याय करतो. तो ऐकला की फळवाटप करणारी सुखवस्तू स्त्री डोळ्यांपुढे येते. सरकारी रुग्णालयांतल्या या पदाचे नाव आहे ‘समाजसेवा अधीक्षक’. त्यात अधिकाराचा वास असला तरी कामाची कल्पना येत नाही. वास्तविक २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोविकार क्षेत्रातल्या समाजकार्यकर्त्याची व्याख्या केली आहे आणि तीत समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीनंतरचे दोन वर्षांचे एम.फिल. अपेक्षिले आहे. आमची मुलगी त्यांना ‘ताई’ म्हणू लागली, म्हणून आम्हीही ताईच म्हणतो.

ताईंच्या दारासमोर बाकावर बसून राहण्याचे प्रसंग पुष्कळ आले. शेजारी बसलेल्यांच्या हातात पिवळी-केशरी रेशनकार्डे असत, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला असे, कधी सरपंचांचे पत्र. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखायच्या, अशी योजना उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६पासून आहे. तिची कागदपत्रे याच टेबलावर तपासली जात. म्हणजे डायलिसिसच्या बिलात सवलत मागणारा शेतकरी, अपघातात पाय गेलेला हमाल आणि आमची मुलगी, या सर्वांची नोंद एकाच वहीत. या गर्दीत आपले दुःख जरा बेतशीर होते, हा एक अनपेक्षित लाभ. ताईंना मात्र या गर्दीतून आमच्यासाठी तास-तास काढावा लागे आणि तो त्या कसा काढीत हे कुणी विचारीत नसे.

पहिल्याच भेटीत त्यांनी घराचा आराखडा काढला. माणसे कोण, कुणाचे कुणाशी कसे, स्वयंपाकघर कुठे, जेवायला बसण्याची जागा कुठे, स्वयंपाक कोण करते, किती वाजता. हे सर्व ठीकच होते. मग त्यांनी विचारले,

“तुमच्याकडे शेवटी कोण जेवतं?”

आम्ही म्हणालो, रात्री सगळे एकत्रच बसतो. ताईंनी मुलीकडे पाहिले. ती म्हणाली, “मी. मी वाढते ना.”

हे खरे होते. मार्च-एप्रिलपासून तिने वाढायचे काम आपणहून अंगावर घेतले होते. आजी कौतुकाने शेजारणींना सांगे. ताईंनी पेन खाली ठेवले आणि अगदी साध्या सुरात म्हणाल्या, “वाढणारीचं ताट आपल्याकडे कुणी बघत नाही.”

वर्गात आम्ही स्त्रीवादी समीक्षा शिकवतो. घरातल्या बाईचे शेवटी जेवणे, उरलेसुरले खाणे, यांवर कथा-कवितांचे दाखले देतो. तो सारा विचार दु:ख आणि अन्याय या अंगाने चालतो. याच प्रथेत एक लपण्याची जागाही आहे आणि एखादा आजार ती नेमकी शोधून काढू शकतो, हे मात्र आमच्या वाचनात कुठे आलेले नव्हते. ताईंचा उपाय एका ओळीचा होता. मुलगी आजपासून वाढणार नाही. बाबा वाढतील आणि सर्वांच्या आधी तिचे ताट वाढले जाईल. फाइलमध्ये ही ओळ औषधांच्या यादीखाली लिहिलेली आम्ही पाहिली आहे.

वाढणे, रांधणे आणि न जेवणे यांची ही सांगड तिची एकटीची नव्हती. १९४४-४५मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना स्वखुशीने अर्धपोटी ठेवून उपासमारीचा अभ्यास केला. ते तरुण युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले होते. काही महिन्यांत त्यांचे सारे बोलणे अन्नावर येऊन ठेपले. ते पाककृतींची पुस्तके वाचू लागले, कृती उतरवून घेऊ लागले, एकेका घासाला वेळ लावू लागले. आमच्याकडे कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ रात्री उशाशी घेऊन वाचले जात होते, कादंबरीसारखे. ताईंनी मिनेसोटाची ही हकिगत आजीला सांगितली तेव्हा आजीच्या मनातला एक मोठा पीळ सुटला. तोवर तिला वाटत होते, की पोरीला खाण्याची इतकी आवड आहे तर ती मुद्दाम हट्ट करते आहे. भुकेने माणसाचे डोके असे होते, हे तिला पटले. तिने १९७२चा दुष्काळ पाहिला होता.

आजी हा खरे तर या उपचारातला अवघड भाग ठरायचा. तिचे सोमवार, संकष्टी, दोन्ही एकादश्या. नातीने फेब्रुवारीपासून तिच्याबरोबर संकष्टी धरली, मग एकादशी, मग सोमवार. पथकाच्या बैठकीत एका डॉक्टरांनी घरातले उपास बंद करा असे सुचवले. डॉक्टरांचे म्हणणे वैद्यकीयदृष्ट्या चूक म्हणता येणार नाही, पण सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईला साठ वर्षांचे व्रत सोडायला सांगणे म्हणजे आजाराचे खापर तिच्या डोक्यावर फोडणे होते. ताईंनी वेळ मागून घेतला. एका शनिवारी त्या साताऱ्याला आल्या, ओट्याला टेकून उभ्या राहून चहा घेतला, न्हाणीघरातला वजनकाटा कुणाला न दुखावता बाहेर काढवला आणि मग आजीजवळ बसल्या. उपासाला काय खाता, कधी सोडता, नैवेद्य कोण करते, असे विचारत राहिल्या. आजी खुलली. ताई म्हणाल्या,

“म्हणजे आजी, उपास धरला की सोडायचा असतोच.”

“असतोच की! पारणं केल्याशिवाय उपास पुरा कसा व्हायचा?”

“हिनं धरलेला सुटत नाही. आणि आजारी माणसाला उपास लागत नाही ना?”

आजी गप्प झाली. शास्त्राने बाळ, आजारी, गर्भार यांना उपासातून मोकळे ठेवले आहे, हे तिच्याइतके कुणाला ठाऊक असणार! त्या संध्याकाळी तिने नातीला स्वतःसमोर बसवले, देवापुढे पळीभर पाणी सोडले आणि सांगितले, की तुझे धरलेले सगळे उपास मी सोडवले. इथून पुढे तुझ्या नावचे मी करीन. देवाधर्माच्या बाबतीत आम्ही दोघे तसे कोरडे. तरीही त्या पळीभर पाण्याचे मोल कमी लेखण्याचे धाडस आम्हांला होत नाही. मुलीला खाण्याची भीती वाटायची ती वाटतच राहिली, पण ‘आज माझा उपास आहे’ हे वाक्य त्या दिवशी घरातून गेले. आजाराचा एक आडोसा कमी झाला.

या आजाराच्या इतिहासात घरच्यांची जागा सारखी बदललेली आहे. १८७३ साली लंडनमध्ये सर विल्यम गल यांनी आणि पॅरिसमध्ये शार्ल लासेग यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, या विकाराचे वर्णन केले. गल यांना नातेवाईक हे शुश्रूषेच्या कामी सर्वांत निरुपयोगी वाटले. लासेग यांनी कुटुंबाकडे अधिक बारकाईने पाहिले: घरच्यांपाशी विनवणी आणि धमकी अशी दोनच साधने असतात आणि दोन्ही ते संपेस्तोवर वापरतात, असे त्यांचे निरीक्षण आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका फ्रेंच वैद्याने आमच्या जेवणघरात डोकावून पाहिले असावे, असे हे वाचताना वाटले. पुढे शार्को यांच्यासारख्यांनी रुग्णाला घरच्यांपासून तोडणे हाच उपचार ठरवला. कुटुंब हेच रोगाचे मूळ, ही समजूत विसाव्या शतकातही दीर्घकाळ टिकली. लंडनच्याच मॉड्‌स्ली रुग्णालयातल्या अभ्यासाने १९८७मध्ये दाखवले, की वय लहान आणि आजार फार जुना नसेल तर आईवडिलांना उपचारात घेतल्याने अधिक गुण येतो. त्या पद्धतीत आजाराचे कारण शोधत बसत नाहीत. आधी आईवडील जेवणाचा ताबा घेतात, वजन सावरल्यावर तो हळूहळू मुलीकडे परत जातो, आणि शेवटी तिच्या वयाचे बाकीचे प्रश्न हाती घेतले जातात. ब्रिटनच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांतही मुलांसाठी कुटुंबासह उपचाराचीच शिफारस आहे.

ग्रंथांतून हे सुटसुटीत दिसते. पण ‘आईवडील ताबा घेतात’ म्हणजे नेमके काय? दिवसातून सहा वेळा, प्रत्येक वेळी कधी तासभर, एकाने शेजारी बसायचे. विनवणी नाही, धमकी नाही, भाषण नाही. ताट पुढे ठेवून ‘हे औषध आहे’ इतकेच म्हणायचे आणि रडणे, ओरडणे, ताट भिरकावणे सोसून बसून राहायचे. दोघांच्या महाविद्यालयांचे वेळापत्रक समोर ठेवून ताईंनी आमच्या आठवड्याची आखणी केली. सकाळचे तास कुणाचे, अर्धपगारी रजा कुणी आणि कधी घ्यायची, मंगळवारी-गुरुवारी दुपारी आजीला जमेल काय. मनोविकारतज्ज्ञांनी आम्हांला पद्धत समजावली होती. मंगळवारी दुपारी दोन वाजता त्या पद्धतीचे काय होते, ते ताईंनी पाहिले. १९०५ साली बॉस्टनमध्ये रिचर्ड कॅबट या डॉक्टरांनी रुग्णालयात प्रथमच समाजकार्यकर्ती नेमली ती याच पेचातून; रुग्ण घरी गेल्यावर औषध-पथ्याचे काय होते याचा डॉक्टरला पत्ताच नसतो, हे त्यांच्या ध्यानात आले होते.

पथकात सारे गोडीगुलाबीने चालले असेही नाही. आहारतज्ज्ञांचा तक्ता ग्रॅममध्ये होता. ताईंचे म्हणणे, घरात ग्रॅम शिरले की तराजू शिरतो आणि तराजूशी या मुलीचे जे नाते आहे ते तुम्हांला माहीत आहे. आहारतज्ज्ञ म्हणाल्या, अंदाजाने चालवण्याइतका हा आजार सौम्य नाही. दोघींचेही खरे होते. शेवटी ताईंनी आम्हांला घरातली वाटी, पळी, डाव आणि पेला पिशवीत घालून आणायला सांगितले. आहारतज्ज्ञांनी ती भांडी एकदाच मोजून घेतली आणि तक्ता नव्याने लिहिला. त्यात ब्रेड-पनीरच्या जागी भाकरी, मुगाची उसळ, शेंगदाण्याची चटणी, दहीभात आणि पळीने मोजलेले तूप आले.

आणि एक कॅलेंडर. घरी सोडायची तारीख २९ ऑगस्ट ठरत होती. वजन, नाडी, रक्ततपासण्या सगळे त्या तारखेच्या बाजूने होते आणि बिलाचा आकडाही. ताईंनी भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बोट केले. ३० तारखेला हरतालिका, म्हणजे घरात बायकांचे निर्जळी उपास. ३१ला गणपती, मागोमाग गौरी, त्यांचा सोळा भाज्यांचा नैवेद्य, येणारेजाणारे, आणि प्रत्येक येणाऱ्याच्या तोंडी ‘अगं किती बारीक झालीस’ किंवा, त्याहून वाईट, ‘आता बरी भरलीस’. तिला गौरी-विसर्जनानंतर सोडावे, असा आग्रह त्यांनी धरला. बैठकीत थोडी खळखळ झाली, पण तसेच झाले. त्या वर्षी गौरींपुढे आमची मुलगी नव्हती. आजीने नैवेद्याचे ताट विसर्जनाच्या संध्याकाळी डब्यात भरून खंबाटकी ओलांडून पुण्याला पाठवले. तिने त्यातले पुरण खाल्ले नाही. भात-वरण मात्र खाल्ले.

विम्याची बाजू त्रोटकपणे सांगतो. एका कंपनीने दावा ‘मानसिक आजार’ म्हणून परत पाठवला. मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा मिळाला पाहिजे, हे मघाशी उल्लेखिलेल्या कायद्याच्या एकविसाव्या कलमात आहे आणि तो कायदा मे २०१८पासून लागू आहे. पत्राचा मसुदा ताईंनी केला. मराठीचे दोन अध्यापक केवळ सही करायला होते. पैसे चार महिन्यांनी आले. शाळेतही त्याच गेल्या. मुख्याध्यापकांशी बोलून मधल्या सुट्टीत डबा शिक्षककक्षात बाईंसमोर खाण्याची सोय केली, कवायतीतून सूट घेतली आणि वर्गात कुणाच्याही अंगकाठीवर शेरे मारू नयेत असे सुचवून आल्या. शेवटची सूचना पाळली गेली असे म्हणवत नाही.

मुलगी काही सरळ रेषेत बरी झाली नाही. २०२३च्या मे महिन्यात वजन पुन्हा घसरले आणि सहा महिन्यांपूर्वी तिच्याकडे दिलेले संध्याकाळचे खाणे आम्हांला पुन्हा ताब्यात घ्यावे लागले. त्या दिवशी ती ताईंवर इतकी चिडली, की दोन भेटी त्यांच्याकडे पाठ करून बसली. ताई त्या पाठीशी बोलत राहिल्या. बारावीनंतर पुण्याला शिकायला जायचे तिने ठरवले तेव्हा आमचा जीव अर्धा झाला. मनोविकारतज्ज्ञांनी तपासून हरकत नाही असे सांगितले. मानसशास्त्रज्ञ तिला आधीपासूनच तयार करत होत्या.

२०२५च्या जूनमध्ये निघण्यापूर्वी ताईंशी एक भेट झाली. त्यांनी वसतिगृहाचा पत्ता विचारला नाही, मेस कोणती ते विचारले. वेळा काय, ताट वाढून मिळते की आपण घ्यायचे, सोबत कोण, सुट्टीच्या दिवशी काय. मग म्हणाल्या, “पुण्यातल्या मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. रविवारी रात्री काय करशील?”

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहू लागलो. हे आमच्या डोक्यात आले नव्हते. मुलीच्या मात्र आले होते. तिने पिशवीतून वही काढली आणि चार रविवारांचा बेत वाचून दाखवला: एका मैत्रिणीच्या मावशीकडे, एकदा डोसा, एकदा खोलीवर विजेच्या शेगडीवर मुगाची खिचडी, एकदा आजीने दिलेली थालीपिठाची भाजणी. शेगडीला वसतिगृहात परवानगी आहे का, एवढेच ताईंनी विचारले. नव्हती. तिने तिथल्या तिथे खिचडी खोडली आणि तिसऱ्या रविवारसमोर प्रश्नचिन्ह काढले.